थॉमस ॲलनचा आवाज चाळीस वर्षांवर टिकला कसा? आणि 'लहान' आवाजाला ऑपेरा जमतो का?

दुपारची_तालीम

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या. मी पुण्याचा, वय २३, घरात गाणं म्हणजे आजीच्या नाट्यगीतांच्या कॅसेट, बास. बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये आहेत. कॉलेजात मित्राच्या नादाने कॉयरमध्ये गेलो तर तिथल्या सरांनी पियानोवर वरखाली गाऊन घेतलं आणि म्हणाले तू बॅरिटोन आहेस, म्हणजे पुरुषांचा मधल्या पट्टीचा आवाज, तोवर मी हा शब्दही ऐकला नव्हता. मग बॅरिटोन कसे गातात ते शोधत बसलो आणि हाती लागलं मिलानच्या ला स्काला ऑपेरा थिएटरमधलं १९८७ सालचं मोझार्टचं 'डॉन जोव्हानी', रिकार्डो मुती कंडक्टर आणि मुख्य भूमिकेत थॉमस ॲलन. तीन रात्री झाल्या तेच बघतोय. खिडकीखाली उभं राहून मॅन्डोलिनच्या साथीने म्हणतो ते गाणं आहे ना, त्याचं दुसरं कडवं तो इतकं हळू घेतो की मी हेडफोन कानावर दाबून धरले, तरीही एक शब्द निसटत नाही, मला इटालियन येत नाही तरी.

मग त्याची माहिती वाचायला लागलो. कोळशाच्या खाणींच्या गावातला मुलगा, आणि सत्तरीत न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराला स्टेजवर. हे होतं कसं?

विचारायचं कारण सांगतो. गेल्या महिन्यात एका ठिकाणी ऑडिशन दिली, तिथे सांगितलं आवाज गोड आहे पण लहान आहे, ऑपेराचा नाद सोड, कॉयरमध्ये छान गाशील. दोन दिवस जेवण गेलं नाही. आणि आता हा ॲलन ऐकतोय तर याचाही आवाज भिंती हलवणारा नाही वाटत. का मला रेकॉर्डिंगमुळे तसं वाटतंय? जाणकारांनी जरा समजावून सांगा, याची कारकीर्द कशी घडली आणि एवढी टिकली कशी.

जुनी_तबकडी

अरे बाळा, आधी जेवत जा. एका ऑडिशनवरून २३व्या वर्षी आवाज लहान का मोठा ते ठरत नाही. बॅरिटोनचा आवाज भरायला तिशी यावी लागते, काहींची तर पस्तिशी.

मी ॲलनला ऐकायला लागले ते एलपीच्या काळापासून, दादरला आमच्या शेजारी एक पारशी काका राहायचे, त्यांच्याकडे. तर तुला क्रमाने सांगते. जन्म १९४४, इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं सीहॅम. १९६४ ला लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये गेला, चार वर्षं शिकला. बाहेर पडल्यावर थेट हिरो नाही झाला हं, ग्लाइंडबर्न महोत्सवाच्या कोरसमध्ये उभा राहिला. १९६९ ला वेल्श नॅशनल ऑपेरात पहिली भूमिका मिळाली, 'ला ट्राव्हियाटा'मधला मार्की, म्हणजे पार्टीत येऊन चार ओळी गाऊन जाणारा माणूस. १९७१ ला लंडनच्या कॉव्हेंट गार्डन ऑपेरा हाउसला आला तोही 'बिली बड'मधल्या डोनाल्ड नावाच्या एका खलाशाच्या छोट्या कामातून. आणि याच ऑपेरातला मुख्य बिली पुढे त्याचा इतका झाला, वेल्श नॅशनलला आणि मग १९८८ ला इंग्लिश नॅशनल ऑपेरात, की माझ्या डोळ्यासमोर बिली म्हटलं की तोच येतो. फाशीच्या जरा आधी साखळदंडात बसून बिली जे गातो ते कधी सवडीने ऐक, घाईत नको.

म्हणजे कोरस, मग चार ओळी, मग छोटी कामं, मग कंपनीचा कायमचा गायक, आणि मग जग. मेट्रोपॉलिटनला पहिल्यांदा गेला १९८१ ला, मोझार्टच्या 'मॅजिक फ्लूट'मधला पापागेनो म्हणून. तेव्हा सदतिशीचा होता. हे वय लक्षात ठेव.

आणि वेल्श नॅशनल ऑपेराबद्दल एक सांगायलाच हवं, ती कंपनी मुळात कार्डिफच्या हौशी लोकांनी उभी केलेली, त्यात खाणकामगार, दुकानदार, शिक्षक सगळे, आणि ती सुरू करणारे इड्लॉस ओवेन स्वतः एकेकाळी खाणीत काम केलेले. कोळशाच्या गावच्या पोराला पहिलं काम अशा घरात मिळालं हे मला फार आवडतं.

डरहॅमकर

सीहॅमचं नाव वाचून राहवलं नाही, मी डरहॅमला चौदा वर्षं आहे, मूळचा साताऱ्याचा. सीहॅम आमच्याकडून गाडीने अर्ध्या तासाच्या आत. समुद्राकाठचं गाव, वारा असा की कान दुखतात. तिथे तीन खाणी होत्या, सीहॅम, डॉडन आणि व्हेन टेम्पेस्ट, त्यातल्या व्हेन टेम्पेस्टचे बोगदे समुद्राच्या तळाखाली गेलेले. नव्वदीच्या सुरुवातीपर्यंत सगळ्या बंद झाल्या. आता लोक तिथे वाळूत काचेचे गुळगुळीत रंगीत खडे वेचायला येतात, जुन्या बाटली कारखान्याची फेकून दिलेली काच समुद्राने घासून घासून परत दिलेली. माझी मुलगी बरणी भरून घेऊन आली होती.

दुपारची_तालीम, तुझ्या बाबांचं वर्कशॉप वाचून सांगावंसं वाटलं, गाणं या भागात बाहेरून आलेलं नाही. प्रत्येक खाणीचा स्वतःचा ब्रास बँड, चॅपलमध्ये समूहगान, आणि जुलैत खाणकामगारांचा मोठा मेळा भरतो त्यात आजही बॅनर आणि बँड घेऊन लोक डरहॅमच्या रस्त्यांवरून जातात, खाण एकही उरलेली नसताना. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वारीतल्या दिंड्याच आठवल्या, आपापला झेंडा, आपापला ताल. तेव्हा ॲलनच्या कानावर लहानपणापासून सूर होते, ऑपेरा नव्हता एवढंच.

आणि त्याला हेरलं कोणी? शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या मास्तरांनी! डेनिस वेदर्ली त्यांचं नाव, रायहोप गावच्या ग्रामर स्कूलमध्ये होते, ते स्वतः चांगले गायचे, त्यांनी या मुलाला गाण्याचे पहिले धडे दिले. मी स्वतः विज्ञान शिकवतो म्हणून ही गोष्ट मला जास्तच भिडते. वर्गात फळ्याकडे पाठ करून उभं असताना मागून कोणीतरी गुणगुणतं तेव्हा आपण ओरडतो.

पुढे २०१२ ला हाच माणूस डरहॅम युनिव्हर्सिटीचा चान्सलर झाला आणि दहा वर्षं होता. पदवीदान डरहॅमच्या कॅथीड्रलमध्ये होतं, नऊशे वर्षांपूर्वीची इमारत, आणि त्या दगडी खांबांमध्ये त्याचा बोलण्याचा आवाजसुद्धा असा पसरायचा की मागे बसलेले पालक मान वर करून बघायचे. मी बसलो होतो एकदा, सहकाऱ्याच्या मुलीच्या वेळी. शिवाय या भागात सॅमलिंग नावाची संस्था आहे, तरुण गायकांना तयार करते, तिच्या पाठीशी तो पहिल्यापासून आहे.

काळी_एक

मी आठ वर्षं ख्याल शिकलो आणि गेली पाच वर्षं वेस्टर्न व्हॉइस शिकतोय, तेव्हा तुझ्या 'लहान आवाज' या मुद्द्यावर बोलतो कारण त्यावरून मीही खूप घोळ घातला होता.

आधी पट्टी. आपल्याकडचे बरेच पुरुष गायक काळी एकच्या आसपास सा लावतात ना? तर त्या सा वरून मंद्र पंचमापासून तार मध्यम-पंचमापर्यंत धर, साधारण तेवढाच बॅरिटोनचा पल्ला. म्हणजे बॅरिटोन हा काही परग्रहावरचा प्रकार नाही, आपल्या बहुतेक पुरुषांचा नैसर्गिक आवाज तोच आहे. फरक पडतो लावण्यात. आपण माइक समोर असतो म्हणून वेगळं गातो, ते लोक माइकशिवाय, पुढ्यात साठ-सत्तर वाद्यांचा ऑर्केस्ट्रा, आणि आवाज बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत पोचला पाहिजे. आपल्या संगीत नाटकातले जुने लोकही असेच माइकशिवाय गायचे, तुझ्या आजीला विचार, तिने नाही तर तिच्या आईने नक्की ऐकलं असेल. फक्त तिथे ऑर्गन-तबला होता, तुतारीवाले नव्हते.

मग आवाज ऑर्केस्ट्रातून वर येतो कसा? जोरात ओरडून नाही. ऑर्केस्ट्राची ताकद खालच्या भागात जास्त असते, ५०० हर्ट्‌झच्या आसपास, आणि तिथून वर ती उतरत जाते. शिकलेल्या पुरुष गायकाच्या आवाजात ३००० हर्ट्‌झच्या आसपास एक उंचवटा तयार होतो, त्याला सिंगर्स फॉर्मंट म्हणतात, तिथे ऑर्केस्ट्रा दुबळा असतो आणि आपला कान नेमका तिथे तीक्ष्ण असतो. त्यामुळे आवाज 'मोठा' नसला तरी चकाकतो, भोक पाडून बाहेर येतो. हे घशाच्या मोकळेपणातून येतं आणि यायला वर्षं लागतात. २३ व्या वर्षी ते नसलं तर ते अजून आलेलं नाही एवढाच अर्थ. मी दोन वर्षं छाती फुगवून जोर लावत बसलो, घसा बसला, डॉक्टरकडे जावं लागलं, तीन महिने गप्प. तू ते करू नकोस, प्लीज.

दुसरी गोष्ट थिएटरची. मेट्रोपॉलिटनमध्ये ३८०० च्या आसपास खुर्च्या आहेत. ॲलन तरुणपणी ज्या ग्लाइंडबर्नला गायला ते जुनं थिएटर जेमतेम आठशे-साडेआठशे प्रेक्षकांचं होतं. त्यात मोझार्ट, म्हणजे वाद्यं कमी, गाणाऱ्याला जागा मोकळी. तरुण लिरिक बॅरिटोनसाठी याहून चांगली तालीम नाही. तो रेकॉर्डिंगमध्ये जे हळू गातो ना, ते थिएटरमध्येही पोचायचं कारण त्या हळू आवाजातही तो उंचवटा शाबूत असतो. हळू गाणं हीच खरी परीक्षा आहे, जोरात कोणीही गातो.

पिटातला_प्रेक्षक

चर्चा छान चाललीय पण मी थोडं वेगळं बोलणार आहे. बॅरिटोन म्हणजे माझ्यासाठी इटालियन संगीतकार व्हर्डी, त्याच्या ऑपेरांतल्या मोठ्या भूमिका. रिगोलेट्टो, इयागो, माकबेथ. आणि इंग्लंडने असा व्हर्डी बॅरिटोन दिलाय, पीटर ग्लॉसप, शेफील्डचा, जन्म १९२८, पोलादाच्या शहरातला. बँकेत कारकून होता! १९५२ ला लंडनच्या सॅडलर्स वेल्स ऑपेरा कंपनीच्या कोरसमध्ये शिरला, १९६१ ला बल्गेरियात सोफियाची स्पर्धा जिंकला आणि १९६५ ला ला स्कालामध्ये रिगोलेट्टो गायला. इंग्रज माणसाने इटालियनांच्या घरात जाऊन त्यांचा रिगोलेट्टो गाणं म्हणजे काय धाडस आहे याचा विचार करा, कोल्हापुरात परगावच्याने येऊन तांबडा रस्सा करून दाखवण्यासारखं. कंडक्टर कारायानच्या 'ऑथेल्लो'च्या चित्रपटात इयागो तोच आहे, बघाच. तो आवाज अंगावर येतो, ॲलनचा तसा येत नाही हे मला म्हणायचंय. ॲलन सुंदर गातो पण तो सुरक्षित गातो असं मला कायम वाटत आलंय.

जुनी_तबकडी

पिटातला_प्रेक्षक, ग्लॉसप मलाही फार प्रिय, त्यांच्या रिगोलेट्टोबद्दल एक शब्द वावगा बोलणार नाही. पण 'सुरक्षित' हे मला पटत नाही. ॲलनने जी कामं घेतली ती बघा ना. १९८५ ला साल्झबर्गला मॉन्टेवर्दीचा युलिसिस, १९८६ ला लंडनला बुसोनीचा 'डॉक्टर फाउस्ट' जो इंग्लंडमध्ये तोवर स्टेजवर झालाच नव्हता, रशियन भाषेत चायकोव्हस्कीचा ओनेगिन, चेक भाषेत चेक संगीतकार यानाचेकचा ऑपेरा. वयाच्या साठीच्या तोंडावर कॉव्हेंट गार्डनला 'स्वीनी टॉड', माणसांचे गळे कापणारा न्हावी. याला सुरक्षित कसं म्हणायचं? त्याने फक्त आपल्या गळ्याला न पेलणारं वजन उचललं नाही. ज्यांनी उचललं त्यांच्यातल्या कित्येकांचे आवाज पन्नाशीत डगमगायला लागले, सूर हलायला लागले.

दुपारची_तालीम, तू विचारलंस टिकला कसा, त्याचं माझ्यापुरतं उत्तर असं की तो आपल्या वयाबरोबर भूमिका बदलत गेला. तरुणपणी पापागेनो, पक्षी पकडणारा, हलकाफुलका. रोसिनीचा फिगारो. मग मोझार्टच्या 'फिगारो'मधला काउंट, स्वतःच्याच नोकराच्या होणाऱ्या बायकोवर डोळा ठेवणारा माणूस. मग जोव्हानी, तू बघतोयस तो, तेव्हा तो त्रेचाळीसचा होता, आणि तो ला स्कालाच्या हंगामाचा पहिला दिवस होता, ७ डिसेंबर, दिग्दर्शक जॉर्जो स्ट्रेलर, 'जोव्हानी'ला बरोबर दोनशे वर्षं झालेली. मग वय वाढलं तसा मोझार्टच्याच 'कोझी फान तुत्ते'मधला डॉन अल्फोन्सो, जो दोन तरुणांना पैज लावायला लावतो आणि स्वतः कडेला उभं राहून बघतो. हा अल्फोन्सो त्याने किती ठिकाणी आणि किती वर्षं केला. सत्तरीला आला तरी मेट्रोपॉलिटनला 'मेरी विडो'मधला म्हातारा राजदूत. आवाजाची वरची धार कमी झाली पण शब्द? शब्द एकदम लख्ख.

मला सगळ्यात जास्त काय भावलं सांगू? बेकमेसर. वाग्नरच्या 'मायस्टरसिंगर'मधला नगरपालिकेचा कारकून, गाण्याचे नियम मोडले की पाटीवर खडूने खुणा करणारा. बाकीचे गायक त्याला विदूषक करून टाकतात, लोक हसतात, संपलं. ॲलनचा बेकमेसर कसा, तर गाण्यावर जीव असलेला पण गाणं न लाभलेला माणूस. रात्री ल्यूट घेऊन तो प्रेमगीत गातो, सगळे आघात चुकीच्या जागी, आणि मोची हातोडीने प्रत्येक चुकीला ठोका देतो. तिथे चुकीचं गायचं असतं पण चुकीचं गाण्यासाठी आधी सगळं बरोबर यावं लागतं. मेट्रोपॉलिटनचं रेकॉर्डिंग आहे, लेव्हाइन कंडक्टर. शेवटी त्याची फजिती होते तेव्हा मला हसायला आलं नाही, पोटात तुटलं.

पिटातला_प्रेक्षक

बेकमेसरचं मान्य. मीही तो बघितलाय आणि ती नजर विसरलेलो नाही. 'सुरक्षित' शब्द मागे घेतो, पण व्हर्डीचं माझं म्हणणं तसंच राहील.

खिडकी_उघडी

मी मडगावची, चर्चच्या कॉयरमध्ये वयाच्या नऊ वर्षांपासून. फक्त शिकण्याबद्दल सांगते कारण तो प्रश्न कोणी घेतला नाही. मुंबईत जन्मलेल्या सोप्रानो (स्त्रियांच्या उंच पट्टीच्या) गायिका पॅट्रिशिया रोझारियो, ज्या लंडनला स्थायिक आहेत आणि २०१६ ला मुंबईचं रॉयल ऑपेरा हाउस पुन्हा उघडलं तेव्हा तिथे गायल्या, त्या आणि त्यांचे पियानिस्ट पती मार्क ट्रूप 'गिव्हिंग व्हॉइस टू इंडिया' नावाने भारतातल्या तरुण गायकांना शिकवत आलेत. तिथे चौकशी कर. आणि भाषा, भाषा आत्तापासून सुरू कर, इटालियन आणि जर्मन. मराठी माणसाला इटालियनचे स्वर जड जात नाहीत, आपले आ-ए-ई-ओ-ऊ स्वच्छ असतात, इंग्रजांना त्यासाठीच जास्त घाम गाळावा लागतो. जर्मनचं मात्र उलट आहे, ते ओठ गोल करून म्हणायचे स्वर तुझा जीव घेतील.

दुपारची_तालीम

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. ते भौतिकशास्त्राच्या मास्तरांपाशी थांबले, म्हणाले परत वाच. मग विचारलं हे खाणीचे बोगदे समुद्राखाली किती लांब जात असतील आणि पाणी कसं उपसत असतील, ऑपेराबद्दल काहीच नाही बोलले. पण झोपायच्या आधी म्हणाले त्या जोव्हानीचं काय ते लाव.

काळी_एक दादा, जोर लावायचं आजपासून बंद. सकाळी खर्जात फक्त आ-कार, हळू. जुनी_तबकडी काकू, बेकमेसर मिळाला, पण चार तासांहून लांब आहे ते! रविवारी बघतो. अजून एक सांगाल का, यानाचेकचं म्हणालात ते कुठलं?

जुनी_तबकडी

'द कनिंग लिटल व्हिक्सन'. पॅरिसच्या शातले थिएटरचं १९९५ चं आहे, चार्ल्स मॅकेरस कंडक्टर, चेक भाषेत. ॲलन त्यात जंगलाचा राखणदार आहे. ज्या कोल्हीला ती पिल्लू असताना त्याने पकडून घरी आणलं ती कधीच मेलेली असते, आणि शेवटी तो म्हातारा होऊन त्याच जंगलात येऊन बसतो, तर समोर एक बेडूक. तो म्हणतो अरे तू तोच का रे, तर बेडूक म्हणतो नाही नाही, तो माझा आजोबा, त्याने तुमच्याबद्दल सांगितलं होतं. आणि राखणदाराच्या हातातून बंदूक खाली गळून पडते. बाबांना बरोबर घेऊन बघ. आधी गोष्ट सांगून ठेव म्हणजे झालं.